वेलाच्या घेवड्याचं बी घरात राहू द्या



चातुर्मास जवळ आला की आपल्याकडे भाज्यांची चर्चा सुरू होते. कंदमुळं बाराही महिने नसतातच, पालेभाजी सुटते, मग उरतात फळभाज्या आणि शेंगा. दोडका, पडवळ, कारलं, भेंडी, गवार आणि श्रावण घेवडा. आज या श्रावण घेवड्याबद्दल लिहिते आहे. पण पाककृती नाही हं. आज एक मत मांडायचं आहे आणि ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

मत असं, की ज्या घराला थोडं परस आहे, अंगण आहे, निदान पाच-सहा तास उन्हाची गच्ची आहे, त्या घरात वेलाचा गावरान घेवडा असावा. आणि नुसता लावून थांबू नये. घरातल्या बाईनं त्याचं बी धरावं, पुढच्या वर्षी तेच लावावं आणि आणखी दोन घरी द्यावं. भाजी काय, बाजारात मिळते. हे बी बाजारात मिळत नाही.

आधी कोणता घेवडा ते सांगते, कारण या एका नावाखाली आपल्याकडे बराच गोंधळ आहे. वाल, पावटा, पापडी यांनाही कुणी कुणी घेवडाच म्हणतं. ते कूळ वेगळं. मी म्हणते तो श्रावण घेवडा, ज्याला मुंबई-कोकणाकडे फरसबी म्हणतात. हे नाव 'फ्रेंच बीन'वरून आलं असं मानतात, पण तो मूळचा फ्रान्सचाही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला रानातून शेतात आणलं आणि पुढे युरोपीय दर्यावर्दींच्या गलबतांतून तो जगभर गेला. आपला राजमासुद्धा हाच. कोवळी शेंग खाल्ली तर फरसबी, दाणा पिकवून वाळवला तर राजमा. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा याच कुळातला. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेलं बीसुद्धा एका मातीत पिढ्यानपिढ्या धरत गेलं की त्या मातीचं होतं. आपण गावरान म्हणतो ते याच अर्थानं.

या घेवड्याचे दोन स्वभाव आहेत. एक झुडपी, गुडघाभर वाढून थांबणारा. दुसरा वेलाचा, सात-आठ फूट चढणारा. बाजारात आज दिसतो तो बहुतेक झुडपी. कारण उघड आहे. झुडपाला मांडव लागत नाही, शेंगा थोड्या दिवसांत एकदम येतात, तीन-चार तोडे झाले की रान मोकळं. दुकानातल्या पुड्यांवर 'कंटेंडर', 'अर्का कोमल' अशी नावं दिसतात, ते हेच झुडपी वाण. विकणाऱ्याला तेच सोयीचे आणि त्यात त्याची काही चूक नाही.

वेलाचा घेवडा उलट्या स्वभावाचा. त्याला चढायला आधार लागतो, दिवसाआड तोडायला जावं लागतं, पण महिना-दीड महिना तो देत राहतो. एका वेळी ओंजळभर. ओंजळभर शेंगा घेऊन शेतकरी बाजारात जाऊ शकत नाही. चौघांच्या घराला मात्र एका वेळी ओंजळ-दोन ओंजळीच लागतात. म्हणून बाजारानं सोडून दिलेला हा वेल घराच्या अगदी मापाचा आहे. तो टिकवायचं काम बाजार करणार नाही. ते घरानंच करायचं, आणि घरात ते काम आजवर बायकांनीच केलेलं आहे. कुणी त्याची नोंद ठेवली नाही एवढंच.

नोंद न ठेवल्यानं काय होतं ते माझ्या सासरी घडलं. माझ्या चुलत सासूबाईंच्या फडताळात खालच्या कप्प्यात पत्र्याचे सहा-सात डबे असायचे. त्यात चुलीची चाळलेली राख आणि राखेत बिया. दोडका, दुधी, पावटा आणि एक वेलाचा घेवडा. तांबूस दाण्याचा, शेंगेवर जांभळी रेघ. ती रेघ शिजल्यावर जायची आणि शेंग साधी हिरवी दिसायची. मुलांना त्याची फार गंमत वाटे. काकू गेल्या. सुतक फिटल्यावर घर आवरलं गेलं, तेव्हा डबे रिकामे करून, घासून, उन्हात उपडे घातले गेले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. राख म्हणजे राख, असंच वाटलं असणार. त्यांचे दागिने वाटले गेले, साड्या वाटल्या गेल्या. भांड्यांवर नावं घातलेली होती म्हणून ती ज्याची त्याच्याकडे गेली. डब्यांवर नावं नव्हती. तो घेवडा त्या दिवशी संपला. मी सांगलीच्या बाजारात, खेडेगावच्या आठवडी बाजारात, ओळखीच्यांच्या परसात बघत असते, मला तो अजून दिसलेला नाही. आज माझ्या दारात आहे तो वेगळा, पांढऱ्या दाण्याचा, माहेरच्या शेजारणीनं दिलेला.

एक साडी गेली तर तशी दुसरी विणता येते. पन्नास वर्षं एका घरात निवडत आणलेलं बी गेलं की ते परत तयार करता येत नाही. म्हणून मला हा विषय हौसेचा वाटत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. आमच्याकडे स्वाध्यायाला येणाऱ्या एका आक्कांनी मला अगदी प्रेमानं विचारलं, "अगं, माती उकरायची, पाणी सोडायचं, किती जीव जातात त्यात. श्राविकेनं आरंभ कशाला वाढवायचा? भाजी विकत आणावी, शोधून घ्यावी, शिजवावी." प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

माझं उत्तर आपल्याच शास्त्रातलं आहे. पाप केल्यानं लागतं, करवून घेतल्यानं लागतं आणि त्याला अनुमोदन दिल्यानंही लागतं. कृत, कारित, अनुमोदना हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग माझ्यासाठी दुसऱ्या कुणी माती उकरली, मावा दिसला की औषध मारलं, शेंगा डागाळू नयेत म्हणून पुन्हा फवारलं, आणि मी ती चकचकीत शेंग निवडून पिशवीत टाकली, तर मी त्यातून सुटले कशी? उलट मला निवडायला बिनडागी शेंगच लागते म्हणून तो फवारतो. माझ्या परसात निदान हात माझा असतो. कुठे खणायचं, कधी पाणी द्यायचं, काय अजिबात करायचं नाही, हे मी ठरवू शकते.

दुसरं असं, की गृहस्थाच्या बाबतीत आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं सोडायचीच. चूल पेटवणं, दळणं, शेती करणं यातली हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, ती यत्नानं कमी करायची. अकरा प्रतिमांमध्ये आरंभत्यागाची प्रतिमा आठवी आहे. ज्या त्या पायरीवर आहेत त्यांना मी परस करा म्हणणार नाही, त्यांच्यापुढे हात जोडते. पण आपण बाकीच्याजणी तीन्ही त्रिकाळ चूल पेटवतो, नळ सोडतो, आणि फक्त चार वेल लावायचे म्हटलं की आपल्याला आरंभ आठवतो, हे मला जुळत नाही. भगवान आदिनाथांनी लोकांना जी सहा कर्मं शिकवली त्यात असि, मसि यांच्यानंतर कृषीच येते. दक्षिण महाराष्ट्रातला आपला बराचसा समाज शेतकरीच आहे. आचार्य शांतिसागर महाराजांचं घराणंही भोजचं, शेतकरी पाटलांचं. जमिनीशी आपलं नातं नवीन नाही.

आक्कांना हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या म्हणाल्या, "मग लावशील ते यत्नाचारानं लाव." हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि पुढचं सगळं त्याच धोरणानं सांगते.

लावायचं कधी? आपल्या सांगली-कोल्हापूर भागात दोन वेळा चांगल्या. एक, पहिल्या पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे जूनअखेर ते जुलै. दुसरी, सप्टेंबर-ऑक्टोबर. कडक उन्हाळ्यात लावू नका, पारा पस्तिशीकडे गेला की या वेलाची फुलं शेंग न धरताच गळतात. जूनचा वेल चातुर्मासात भाजी देतो. पण बी धरायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वेलाचं. त्याच्या शेंगा थंडीच्या कोरड्या हवेत वेलावरच खडखडीत वाळतात. पावसाळी वेलाच्या शेंगा पिकायच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो, शेंगेला बुरशी धरते आणि बी काळं पडतं.

जमीन भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. पाणी साचलं की मूळ कुजतं. जुनं शेणखत थोडं पुरे. ताजं शेण किंवा युरिया घातला तर वेल पानांनी माजतो आणि शेंगा विसरतो. हा कडधान्याच्या कुळातला आहे, मुळांवरच्या गाठींतून थोडंफार नत्र तो स्वतः मिळवतो. बी एक-दीड इंच खोल टोचायचं, एका काठीशी दोन-तीन दाणे, दोन काठ्यांत वीतभर अंतर. बी रात्रभर भिजत घालू नका. फुगलेलं घेवड्याचं बी चिरतं आणि मातीत सडतं. ओल्या मातीत कोरडंच टोचा आणि उगवेपर्यंत पाण्याचा मारा करू नका. सात ते दहा दिवसांत कोंब दिसतो. आपल्या दृष्टीनं यात आणखी एक फायदा आहे. एकदा भोक पाडून बी टोचलं की पुन्हा पुन्हा माती हलवावी लागत नाही. वर वाळलेला पालापाचोळा अंथरला की तणही कमी येतं आणि मातीतल्या जिवांना त्रासही कमी.

आधार द्यायचा तो बारीक आणि उभा. या वेलाला काकडी-दोडक्यासारखे ताणे नसतात, तो स्वतःच काठीभोवती पिळे घेत चढतो. म्हणून जाडजूड खांब त्याच्या कामाचा नाही. बोटाएवढ्या जाडीची काठी किंवा वरून सोडलेला सुंभ उत्तम. आणि एक गंमत बघून ठेवा. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या उलट दिशेनं तो फिरतो. नेहमी तसाच. सुटलेला शेंडा तुम्ही काठीला गुंडाळून द्यायला गेलात आणि आपल्या सवयीच्या दिशेनं गुंडाळलात, तर दुसऱ्या दिवशी तो सुटून लोंबत असतो. त्याच्या दिशेनं एक वेढा द्या, पुढचं तो बघतो. नातवंडांना हे दाखवा, ती रोज सकाळी वेल बघायला धावतील.

किडीचं काय, हा प्रश्न येणारच. मावा येतो, पानं खाणारी अळी येते. मी फवारत काही नाही, अगदी घरगुती औषधही नाही, कारण मारायला निघालं की साबणानं मारलं काय आणि औषधानं मारलं काय. अळीचं पान दिसलं तर ते पान अळीसकट तोडून कुंपणाच्या झुडपात नेऊन ठेवते. चार काठ्यांऐवजी सहा काठ्या लावते आणि दोन काठ्या गेल्या तर गेल्या म्हणते. घरापुरतं पीक घ्यायचं तर हे परवडतं. जो शेतकरी कर्ज काढून रान करतो त्याला हे परवडणार नाही, हेही समजून घ्यायला हवं. त्याच्याकडे बोट दाखवून मला मोठेपणा नको आहे.

शेंगा साधारण दोन महिन्यांनी लागतात. तेव्हापासून दिवसाआड तोडा. पाण्याची पाळी सकाळची ठेवा, तोडणीही उजेडातच. वेलाला एकदा वाटलं की आपल्या शेंगेत दाणा भरला, की तो फुलायचं थांबवतो. तोडत राहिलात तर देत राहतो. कोवळ्या शेंगेत अळी क्वचितच असते, दाणा भरायला लागला की शिरते. तरी आपली शेंग उभी उघडून, दोन्ही पाकळ्या बघून घ्यायची रीत सोडू नका. गावरान वेलाच्या शेंगेला कडेला शीर असते, ती ओढताना शेंग आपोआप उघडते. बाजारच्या बिनशिरेच्या वाणात ही सोय राहिलेली नाही, तिथे सुरीनं कचाकच चिरण्याचा मोह होतो. शीर काढायचा कंटाळा येतो म्हणून गावरान घेवडा नको म्हणणाऱ्या मैत्रिणींनी या बाजूनं विचार करून पाहावा.

आता बियाण्याचं, ज्यासाठी एवढं लिहिलं.

आपली नेहमीची पद्धत अशी, की कोवळ्या, सरळ, चांगल्या शेंगा भाजीला जातात आणि पानाआड राहून गेलेल्या, जून झालेल्या, वाकड्या शेंगा "राहू दे बियाण्याला" म्हणून सोडतो. दरवर्षी असं केलं तर आपण नकळत वाईटच निवडत जातो. करायचं उलट. फुलोऱ्याच्या आधीच सगळ्यांत निरोगी वेल हेरायचे, त्यांच्या काठीला रंगीत दोरा बांधायचा आणि घरात सगळ्यांना सांगायचं, या वेलाची एकही शेंग तोडायची नाही. चांगलं आधी बियाण्याला, मग ताटाला. एकाच वेलाचं बी धरू नका, जमतील तितक्या वेलांचं थोडं थोडं मिसळा. ज्या वेलाची पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची आणि आक्रसलेली दिसतात तो वेल बियाण्याला नको, तो रोग बियातून पुढे जातो. शेंगेवर खोलगट करपट डाग असलेल्याही नकोत.

हे काम सोपं होण्याचं एक कारण घेवड्याच्या फुलात आहे. फूल उमलायच्या आधीच त्याच्या आत परागीकरण होऊन गेलेलं असतं. दुधी-भोपळ्यात शेजारच्या वेलाचा संकर होऊन काहीतरी भलतंच निघतं, तसं इथे सहसा होत नाही. दोन वाणांत सात-आठ फूट अंतर ठेवलं की घरच्या कामाला पुरतं. जे लावलं तेच पुन्हा येतं. त्यामुळे सुरुवात करायला गावरान बी मिळालं नाही आणि वेलाच्या घेवड्याची पुडी विकत आणावी लागली, तरी ती एकदाच आणायची. 'केंटुकी वंडर' हा वेलाचा वाण अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून घरोघर बी धरत आलेला आहे आणि आपल्याकडेही मिळतो. तो दहा वर्षं तुमच्या मातीत धरला तर तुमच्या परसाला सरावेल.

शेंग भाजीजोगी झाल्यावर तिला पुढे महिनाभर तरी वेलावर राहू द्या. ती पिवळी पडते, मग कागदासारखी होते, हलवली की आत दाणे वाजतात. तेव्हा काढायची. काढल्यावर सोलून दाणे सावलीत आठ-दहा दिवस पसरायचे. दाण्यात नख रुतत असेल तर अजून वाळायचा आहे.

साठवणीतच आपली खरी कसोटी असते. कडधान्याचा भुंगा घेवड्यातही होतो आणि एकदा झाला की मग मारणं किंवा टाकणं यापलीकडे काही उरत नाही. म्हणून जीव पडूच नये याची काळजी आधी घ्यायची. शेंग वाळल्यावर वेलावर उगाच ठेवायची नाही, कारण अंडी तिथेही घातली जातात. दाणे एकेक बघून, भोक किंवा ठिपका असलेला बाजूला काढायचा. पूर्ण वाळलेल्या दाण्याला चाळलेली कोरडी राख चोळून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या गार जागी ठेवायचं. आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या. आज चुली राहिल्या नाहीत, तर गावाकडून वाटीभर राख आणून ठेवा, वर्षभर पुरते. असं ठेवलेलं बी तीन-चार वर्षं उगवतं. म्हणजे एखाद्या वर्षी आजारपण निघालं, लग्नकार्य निघालं, लावायचं राहिलं, तरी वाण जात नाही.

आणि बरणीवर चिठ्ठी. वाणाचं नाव, कुणाच्या घरून आलं, कोणत्या साली धरलं. एवढं नक्की करा. आणि घरातल्या एका तरी मुलीला किंवा सुनेला ही बरणी कशाची ते सांगून ठेवा. मुलाला सांगितलं तरी चालेल.

बियाण्याहून जास्त दाणे निघाले तर ते आपल्या पर्वाच्या दिवसांना उपयोगी पडतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, तेव्हा त्याच वेलाचा वाळलेला घेवडा आमटीला येतो. एवढं मात्र लक्षात ठेवा, की वाळलेला घेवडा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटाला बाधतो, उलट्या-जुलाब होतात. सकाळी भिजत घालावा, पाच-सहा तासांनी ते पाणी काढून टाकावं, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळावा आणि मग मऊ शिजवावा. मोड आणायची गरज नाही. सूर्यास्ताआधीच्या जेवणाला आरामात होतो.

कुणी म्हणेल, एका बाईनं मूठभर बी धरून काय होणार? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. घरच्या आणि आसपासच्या गावरान बिया त्यांनी गोळा केल्या, लावल्या, वाटल्या. वाल-घेवड्यांचेच कितीतरी प्रकार त्यांच्याकडे आहेत. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या शंभर महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणून आज सगळे त्यांना ओळखतात. सुरुवात मात्र घरातल्या मूठभर बियांचीच होती.

आणि एक लांबची गोष्ट सांगते, कारण ती याच वेलाच्या घेवड्याची आहे. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांना १८३८ साली सरकारनं त्यांच्या गावांतून हुसकावून शेकडो मैल पश्चिमेकडे चालत नेलं. त्या वाटेवर हजारो माणसं गेली. अश्रूंची वाट असंच त्या प्रवासाला म्हणतात. त्या लोकांनी बरोबर नेलेला म्हणून ओळखला जाणारा काळ्या दाण्याचा वेलाचा घेवडा तिथे आजही घरोघर लावला जातो, आणि त्याचं नावही त्या वाटेचंच आहे. घरदार सोडून निघताना कुणीतरी गाठोड्यात हे बी बांधलं. आपल्याला तर फक्त फडताळात एक बरणी ठेवायची आहे.

कायद्याचीही भीती बाळगू नका. बी धरणं, पेरणं, एकमेकांना देणं हा शेतकऱ्याचा हक्क आपल्या २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. दुसऱ्याच्या नोंदणीच्या वाणाचं पाकीट करून त्याच्या नावानं विकायचं नाही, एवढंच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे वाचून सुस्कारा टाकू नये. फूटभर खोल कुंडीत किंवा जुन्या बादलीला खाली भोकं पाडून तीन वेल येतात, आणि गॅलरीच्या गजाला सुंभ बांधला की ते चढतात. भाजी पुरणार नाही, कबूल. पण तीन वेल बियाण्याला ठेवले तर पन्नास-शंभर दाणे सहज निघतात, आणि ते परसवाल्या बहिणीला देता येतात. वाण जिवंत ठेवायला शेत लागत नाही.

शेवटी एक सुचवते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वेलाचं बी जानेवारीत वाळून हातात येतं, तेव्हाच संक्रांत असते. ज्यांच्याकडे हळदीकुंकू होतं, त्या दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, स्टीलच्या वाट्या लुटतात आणि त्या सगळ्यांच्याच घरी ढिगानं पडलेल्या असतात. यंदा त्याऐवजी कागदाच्या पुडीत घेवड्याचे दहा दाणे द्या. त्यालाही वाणच म्हणतात. पुडीवर तुमचं नाव आणि साल घाला, आणि घेणारीकडून एवढंच कबूल करून घ्या की पुढच्या संक्रांतीला ती त्यातले दहा दाणे आणखी कुणाला तरी देईल.

माझ्याकडे यंदा पांढऱ्या दाण्याचं बी वाटीभर आहे. सप्टेंबरच्या लावणीआधी आमच्या मंदिरात चतुर्दशीच्या पूजेला मी पुड्या घेऊन येणार आहे, ज्यांना हवं त्यांनी घ्या. आणि तुमच्यापैकी कुणाच्या परसात, कुणाच्या माहेरी, तांबूस दाण्याचा आणि शेंगेवर जांभळी रेघ असलेला वेलाचा घेवडा असेल तर मला जरूर कळवा. पाच दाणे दिलेत तरी पुरे.